टेम्पुराबरोबर (जपानी भजी) मिळणारा पातळ सॉस घरी कसा करायचा? तो शाकाहारी असतो का?

हॉटेलातला बहुतेक नसतोच. त्याला तेन्त्सुयु म्हणतात आणि त्याचा जीव दाशीत असतो. कोम्बू ही समुद्री वनस्पती आणि वाळवून धुरी दिलेल्या कात्सुओ माशाचा कीस, यांचं पाणी म्हणजे दाशी. ताटात नुसता भोपळा नि कमळकाकडी असली तरी वाटीत मासा असतो. सोया सॉसमध्ये पाणी ओतून हे होत नाही, उगाच खटाटोप करू नका.

मी तोक्योत निशिकासाईला राहते. सासूबाई आणि थोरले भाऊजी आले होते तेव्हा सासूबाईंसाठी मी कोम्बू आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी केली. ही पळवाट नव्हे, इथल्या बौद्ध मठांच्या शोजिन स्वयंपाकात अशीच करतात. दोन्ही रात्रभर थंड पाण्यात भिजवले, सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत कोम्बू काढला. मिरिन म्हणजे स्वयंपाकात वापरायचं गोडसर तांदळाचं मद्य, ते उकळून त्यातलं अल्कोहोल उडवलं. चार वाट्या दाशीला एक वाटी मिरिन, एक वाटी सोया सॉस. वर किसलेला मुळा, जरासं आलं.

भाऊजी वाटीत डोकावले आणि म्हणाले, "कुरकुरीत भजी पाण्यात बुडवायची? अगं, केचप आहे का घरात?"

आणि हे कोण म्हणतंय, तर कोल्हापुरात कटवडा खाऊन वर आणखी कट मागणारा माणूस! वडा कटात बुडला की ती खासियत, आणि माझा टेम्पुरा बुडला की पाणी.

टेम्पुराच्या पिठात ना तिखट, ना ओवा. भाजीची चव तशीच राहावी म्हणूनच ते इतकं फिकं असतं. खारट-गोड चव वाटीतून यायची आणि तेलकटपणा मुळ्याने कापायचा. एदोच्या काळात (१६०३ ते १८६८) गाड्यांवर लोक काडीला लावलेला मासा सगळ्यांच्या एकाच भांड्यात बुडवून उभ्या उभ्या खात. केचपखाली भोपळा काय नि वांगं काय, सगळं सारखंच लागतं. टोक बुडवायचं आणि लगेच तोंडात टाकायचं. भाऊजींनी तुकडा वाटीत सोडला, राजकारणावर बोलत बसले आणि मग "मऊ पडलं" म्हणाले! अजून प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा ते सांगतात. सासूबाईंनी मात्र उरलेली वाटी तोंडाला लावून संपवली होती, हे सांगत नाहीत. कोम्बूला चव देणाऱ्या ग्लुटामेटचा शोध जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये लावला. शिताकेतलं ग्वानिलेट त्याच्या जोडीला आलं की चव कितीतरी वाढते. सासूबाईंच्या जिभेला हे न शिकवता कळलं.

हां, मीठ लावून टेम्पुरा खाणारेही इथे खूप आहेत, ते चूक नाहीत. हॉटेलात पिठात अंडं असतं आणि भाज्या कोळंबीच्याच तेलात तळतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर घरीच करा. सोया सॉस जपानी घ्या, चायनीजच्या गाडीवरचा काळा नको. जपानी सोया सॉसमध्ये गहू असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी बघून घ्या. आपला मुळा फार झोंबतो, पाल्याकडचा भाग किसा आणि हलका पिळून घ्या. मिरिन मिळाला नाही तर थोडी साखर घाला. चव उणी येईल, पण केचपपेक्षा बरी.