फिजीत कायमचं राहायला जायचं आहे. समुद्राकाठी जमीन घेऊन घर बांधता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातलं काम लॅपटॉपवरचं आहे, घरात तिघं आहात आणि फिजीला जाऊन समुद्राकाठी जमीन विकत घ्यायची आहे, तर सुरुवात कुठून करावी. माझं स्पष्ट मत असं की जमिनीपासून करू नका. आधी भाड्याच्या घरात नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा हंगाम काढा. तो पाहिल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नको.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून चार महिने राहता येतं आणि मुदतवाढ मागता येते. पण त्यावर नोकरी करता येत नाही. कायम राहायचं तर कामाचा, गुंतवणुकीचा किंवा स्वतःच्या उत्पन्नावर राहण्याचा वेगळा परवाना लागतो. तुमचं लॅपटॉपचं काम कशात बसतं हे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून लेखी घ्या. सिडनीमार्गे जाणार असाल तर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो, तो नसेल तर मुंबईतच अडवतात. फिजीचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे आहे. पुण्यातली सकाळी दहाची मीटिंग तिथे दुपारी साडेचारला, आणि संध्याकाळी सहाची रात्री साडेबाराला. घरी लहान मूल असेल तर याचा आधी विचार करा.

आता जागा. मुख्य बेट विती लेवू. त्याच्या मधोमध डोंगर आहेत, म्हणून पूर्वेची राजधानी सुवा ओली आणि पश्चिमेचा नांदी-लौतोका पट्टा कोरडा. (नांदीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला 'न' नसतो, नकाशावर शोधताना लक्षात ठेवा.) सुवात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा कोकणासारखाच, पण कोकणात तो चार महिन्यांत उरकतो, सुवात बाराही महिने येतो. कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. ऊन हवं तर पश्चिम, मोठं हॉस्पिटल, विद्यापीठ आणि सरकारी कचेऱ्या हव्यात तर सुवा. लांबच्या बेटांवर बोट पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने येते. लहान मूल घेऊन पहिल्याच वर्षी तिकडे जाऊ नका.

जमिनीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. देशातली जवळपास ८७ टक्के जमीन मूळ फिजियन कुळांच्या मालकीची आहे. या कुळाला 'मतांगाली' म्हणतात. ही जमीन विकलीच जात नाही, फक्त भाडेपट्ट्याने मिळते, आणि तो पट्टा 'इतौकेई लँड ट्रस्ट बोर्ड' देतं. राहण्यासाठीचा पट्टा ९९ वर्षांपर्यंतचा असू शकतो, शेतीचा साधारण ३० वर्षांचा. १९९७पासून उसाच्या शेतांचे असे पट्टे संपत गेले आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राबलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांच्या कित्येक घरांना जागा सोडावी लागली. म्हणून पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत हा पहिला प्रश्न विचारा. दुसरा धोका तोंडी व्यवहाराचा. कुळातले कोणी प्रेमाने म्हणतील, 'बांधा इथे, आम्ही आहोत.' ते मनापासून म्हणत असतील, तरी बोर्डाच्या लेखी संमतीशिवाय त्याला कायद्यात किंमत नाही. पट्टा दुसऱ्याच्या नावावर करायचा किंवा गहाण ठेवायचा असला तरीही हीच संमती लागते. विक्रीची खासगी जमीन थोडी आहे, आणि २०१४पासून शहरांच्या हद्दीतली राहण्याची अशी जमीन परदेशी माणसाला सहसा घेता येत नाही. वकील तुमचा स्वतःचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

बांधकामात सगळा जीव छपरात असतो. २० फेब्रुवारी २०१६ला विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचं वादळ आलं, ४४ माणसं गेली. वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, वर उचलतो. म्हणून पत्रा रीपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला अशी धातूच्या पट्ट्यांनी नि बोल्टांनी सलग बांधणी हवी. मधला एक सांधा नुसत्या खिळ्यावर असला तर तिथूनच सुटतं. पत्र्याला खिळे नकोत, वॉशरचे स्क्रू घ्या. कडेला, आढ्यापाशी आणि वळचणीला पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर एक, मध्ये एकाआड एक. चारी बाजूंनी उतरतं, २५ ते ३० अंशांचं छप्पर चांगलं टिकतं. व्हरांड्याचं छप्पर वेगळं ठेवा, म्हणजे ते गेलं तरी घराचं राहील. किनाऱ्याची वाळू काँक्रीटमध्ये घालू देऊ नका. तिच्यातल्या मिठाने आतली सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. नदीची वाळूच मागा. वादळाचा विमा हवा असेल तर इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. ते बांधकाम चालू असतानाच तपासणी करून घ्या, सगळं झाकून गेल्यावर आतल्या पट्ट्या दिसत नाहीत.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पडला की हजार लिटर, त्यातलं आठशे हाती येतं असं धरा. तिघांना रोज ऐंशी-ऐंशी लिटर म्हणजे २४० लिटर, तर दहा हजारांची टाकी चाळीस दिवस पुरेल. पश्चिमेला कोरड्या महिन्यांत एवढी टाकी हवीच. पन्हळीतून येणारं पहिलं पन्नासेक लिटर पाणी बाजूला सोडायची सोय करा, छपरावरची घाण त्यातच असते. टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी लावा. फिजीत मलेरिया नाही, पण डेंग्यू आणि लेप्टो दोन्ही आहेत.

खाण्याचे हाल होणार नाहीत. तिथला दालो म्हणजे आपल्या अळूचाच कंद, आणि पानांची भाजी नारळाच्या दुधात शिजवतात. पानं पूर्ण गळेपर्यंत शिजवा, नाहीतर घसा खाजतो. मासे खात असाल तर प्रवाळाजवळचे मोठे शिकारी मासे, विशेषतः बराकुडा, टाळा. त्यांच्यात साठणारं विष शिजवून जात नाही आणि चवीलाही कळत नाही. कुठला मासा कुठून आणला हे स्थानिक कोळ्याला विचारूनच घ्या. तूप, मध, बिया, घरचं लोणचं विमानातून नेणार असाल तर फॉर्मवर लिहा. बरंच काढून घेतात, पण न लिहिता सापडलं तर दंड होतो.

भाषेची अडचण येणार नाही. इंग्रजी सगळीकडे चालतं आणि १८७९ ते १९१६ या काळात गेलेल्या मजुरांची अवधी-भोजपुरी वळणाची हिंदी अजून घराघरात आहे. दिवाळीला सरकारी सुट्टी असते.

पण पट्ट्याची जमीन गावाजवळ असेल तर गावाशी नातं जोडावंच लागेल. पहिल्यांदा जाताना यांगोनाची, म्हणजे कावा या झुडपाची वाळलेली मुळं, अर्धा किलोची जुडी, बाजारातून घ्या. टोपी काढा, गुडघे झाकतील असे कपडे घाला, चपला दाराबाहेर ठेवा आणि जुडी गावाच्या मुखियासमोर ठेवून येण्याचं कारण सांगा. त्या मुळांच्या पेयाची करवंटी पुढे आली की एक टाळी, एका दमात पिणं, मग तीन टाळ्या. जागेचा विषय पहिल्या भेटीत काढू नका.