डॉक्टरांनी तपासून औषध लिहून दिल्यावर फार्मासिस्टचे काम उरतेच काय?

‘डॉक्टरांनी लिहिलेले औषध कपाटातून काढून देण्यापलीकडे फार्मासिस्ट काय करतो आणि त्यामुळे रुग्णाचा खर्च तरी कमी होतो का’, असे आपण विचारले आहे. त्यातील ‘कपाटातून काढून देण्यापलीकडे’ या शब्दांमुळेच मी हे उत्तर लिहिते आहे. रुग्णालयाच्या औषध विभागात बरीच वर्षे काम करताना हे वाक्य मी रुग्णांकडून ऐकले, नातेवाइकांकडून ऐकले आणि सर्वांत जास्त वेळा डॉक्टरांकडून ऐकले. रुग्णांचे मला वाईट वाटत नाही, कारण आमच्या कामाचा तेवढाच भाग त्यांना दिसतो. डॉक्टरांना मात्र उरलेला भाग ठाऊक असतो.

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई चिठ्ठी घेऊन खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “यातली एखादी गोळी स्वस्तात मिळेल का बघा. नाहीतर सध्या निम्म्याच द्या, उरलेल्या पुढच्या वेळी नेईन.” निम्म्या म्हणजे कोणत्या, हे त्या स्वतःच ठरवणार होत्या, आणि रक्तदाबाची गोळी घेतली नाही तरी लगेच काही जाणवत नसल्याने तीच मागे राहणार, हे उघड होते. मी त्यांना जुने कागद मागितले. पिशवीतून घड्या घातलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. तो मी तारखेप्रमाणे लावला आणि कोणती गोळी कशानंतर सुरू झाली, एवढेच विचारत गेले.

सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीपासून होती. रक्तदाब पुरेसा उतरेना म्हणून ५ मिलिग्रॅमची मात्रा १० करण्यात आली होती. त्यानंतर काही आठवड्यांनी पाय सुजू लागले. त्यांनी मोजा खाली सरकवून दाखवला, तर इलॅस्टिकचा खोल वळ उठला होता आणि घोट्याच्या वर बोट दाबले की खळगा तसाच राहत होता. सूज आली म्हणून लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, सुरू झाली. तिने पोटॅशियम कमी झाले म्हणून पोटॅशियमचे सिरप आले. फ्युरोसेमाइडमुळे रक्तातील युरिक अ‍ॅसिडही वाढते आणि ते सांध्यात साचले की सांधा ठणकतो. बाईंच्या पायाचा अंगठा लालभडक होऊन ठणकू लागला, तेव्हा त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तिथून वेदनाशामक गोळी घेऊन आल्या. तिने पोटात जळजळ सुरू झाली म्हणून आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल. शिवाय डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम बोथट करतात, त्यामुळे ज्या रक्तदाबासाठी हे सारे सुरू झाले तो पुन्हा चढलेला होता आणि ताज्या चिठ्ठीत आणखी एका गोळीची भर पडली होती.

एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध द्यायचे, या साखळीचे वर्णन वृद्धांच्या औषधोपचाराचे अभ्यासक पॉला रोशन आणि जेरी गुर्विट्झ यांनी १९९७ सालीच करून ठेवले आहे, त्यामुळे यात माझा कोणताही शोध नव्हता. अ‍ॅम्लोडिपिनची सूज शरीरात पाणी जास्त झाल्याने येत नाही. हे औषध सूक्ष्म रोहिण्या सैल करते, नीला त्या प्रमाणात सैल होत नाहीत, मग केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव बाहेर पाझरतो आणि गुरुत्वाकर्षणाने पायांत उतरतो. म्हणूनच तिच्यावर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. मात्रा कमी केली, किंवा नीलाही सैल करणारे टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध जोडीला दिले, तर ती बहुधा उतरते.

हे सर्व मी तारखांसह एका कागदावर मांडून डॉक्टरांकडे पाठवले. ते ज्येष्ठ होते, त्यांचा दरारा होता, आणि त्यांनी मला बोलावून चार लोकांदेखत ऐकवले, “मॅडम, सूज हृदयाची, मूत्रपिंडाची की गोळीची, हे मी ठरवतो. तुम्ही गोळ्या मोजा.” तरीही त्यांनी तपासण्या केल्या, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक निघाली. अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा ५ मिलिग्रॅमवर आले आणि टेल्मिसार्टनची भर पडली. टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवते, म्हणून सिरप त्याच दिवशी बंद झाले. सूज ओसरल्यावर लघवीची गोळी गेली आणि पुढे वेदनाशामक व पँटोप्राझोल यांचीही गरज उरली नाही. माझ्या कागदाचा उल्लेख अर्थातच कुणी केला नाही.

खर्चाचा प्रश्न मी याच चष्म्यातून पाहते. खर्च कमी करणे म्हणजे महाग ब्रँडऐवजी जेनेरिक देणे, अशी समजूत आहे. ते करावेच, मान्यताप्राप्त जेनेरिक औषधाला साधारणपणे मूळ औषधाशी जैवसमतुल्यता, म्हणजे ते रक्तात जवळपास तितकेच पोहोचते हे, सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठीची ‘८० ते १२५ टक्के’ ही मर्यादा ऐकून जेनेरिकमध्ये औषध कमी भरतात असा निष्कर्ष काढणाऱ्यांना ती कशाची मर्यादा आहे हेच कळलेले नसते. गोळीत किती औषध आहे याच्याशी तिचा संबंध नाही. रक्तात पोहोचणाऱ्या औषधाचे मूळ औषधाशी असलेले सरासरी गुणोत्तर, मोजणीतील अनिश्चितता धरूनही, त्या दोन आकड्यांच्या आत बसावे लागते. परंतु ज्या गोळीची गरजच नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी महागच. फार्मासिस्टचा वेतनाचा किंवा नफ्याचा हिशेब विकलेल्या गोळ्यांवर बांधलेला असेल, तर कमी केलेल्या गोळीचे श्रेय कोणत्याही वहीत जमा होत नाही. जिथे ते जमा करून पाहिले, तिथे वेगळे चित्र दिसले. अमेरिकेतील अ‍ॅशव्हिल शहराने १९९६ पासून मधुमेही कर्मचाऱ्यांना फार्मासिस्टकडून नियमित मार्गदर्शन दिले. त्यात औषधांवरचा खर्च वाढला, कारण लोक औषधे खरोखर घेऊ लागले, आणि एकूण वैद्यकीय खर्च मात्र घटला. औषध कमी होणे हेच नेहमी यश असते असे नाही, हेही त्यावरून दिसते.

आता त्या ‘गोळ्या मोजा’बद्दल. जबाबदारी डॉक्टरची आहे, तेव्हा बोलण्याचा अधिकारही त्याचाच, आणि फार्मासिस्टने शंका काढली की रुग्णाचा डॉक्टरवरचा विश्वास उडतो, हा त्या डॉक्टरांचा युक्तिवाद पुढेही कायम राहिला. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. औषधोपचाराच्या परिणामाची जबाबदारी फार्मासिस्टने स्वीकारली पाहिजे, ही मांडणी अमेरिकेतील फार्मसीचे अभ्यासक चार्ल्स हेपलर आणि लिंडा स्ट्रँड यांनी १९९० मध्ये केली. औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केले. एवढे होऊनही शंका विचारणे हा अधिकाराचा अतिक्रम समजला जातो. त्या बाईंच्या बाबतीत पहिले डॉक्टर रक्तदाब पाहत होते, दुसरे अंगठा पाहत होते, आणि सगळे कागद पहिल्यांदा एकत्र आले ते माझ्या खिडकीवर. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते कुणी चुकून रोज लिहिले, तर रुग्णाच्या हाती जाण्यापूर्वी ती चूक बहुधा शेवटच्या खिडकीवरच पकडली जाते. तेव्हा विश्वासाची काळजी करत बसायचे का?

हे वाचून कुणी आपल्या यादीतील गोळ्यांवर फुल्या मारू नयेत. अ‍ॅम्लोडिपिन चांगले औषध आहे, बहुतेकांना ते सोसते, आणि हृदय कमकुवत झाल्याने पाय सुजले असतील तर हीच फ्युरोसेमाइडची गोळी श्वास मोकळा करते. फरक तपासणीनेच कळतो, आणि तेवढ्यापुरते ते डॉक्टर बरोबर होते. औषधाच्या खिडकीमागची प्रत्येक व्यक्ती प्रशिक्षित फार्मासिस्ट असतेच असेही नाही, म्हणून विचारून घ्यावे. आणि अनावश्यक औषधही हवे तेव्हा सोडता येत नाही. पँटोप्राझोल दीर्घकाळ घेऊन अचानक थांबवले तर आम्ल उसळून येते आणि रुग्णाला वाटते की गोळीची गरज होतीच. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गती कमी करणारी औषधे एकाएकी थांबवली तर हृदयविकाराच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. कोणती गोळी आधी कमी करायची, किती आठवड्यांत, आणि मध्ये कोणती तपासणी करायची, याचा आराखडा निदान करणाऱ्याने आणि औषधे जाणणाऱ्याने एकत्र बसून करायचा असतो. त्या बाईंच्या वेळी तो माझ्या कागदाच्या मागच्या बाजूवर झाला, त्याच डॉक्टरांच्या हस्ताक्षरात.