इमर्जन्सीत माझ्यासोबत काम करणारा ब्रदर (पुरुष नर्स) ड्यूटीवर नशेत असावा असा संशय आहे, पण पुरावा नाही. वरिष्ठांना कळवू की आधी त्याच्याशीच बोलू?

कळवा. आजच्याच ड्यूटीत कळवा. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, कारण पुढे बरंचसं माझंच पुराण आहे.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला लागलं. "खात्री नसताना एखाद्याच्या पोटावर पाय कसा देऊ?" अगदी हेच माझी एक मैत्रीण मला गेली नऊ वर्षं ऐकवते आहे. तीही सिस्टर, मीही सिस्टर, आणि त्या रात्री आम्ही दोघी एकाच कॅज्युअल्टीत होतो.

आमच्याकडे नाइटला एक सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे ड्यूटी डॉक्टर, होते. सर म्हणू. हाताला इतकं वळण की कुणाच्या घशात श्वासाची ट्यूब जात नसली की वरच्या आयसीयूतून त्यांना फोन यायचा. अशा माणसाचं काही बिघडलं की सगळ्यात उशिरा दिसतं, कारण आपल्याला ते बघायचंच नसतं. आधी अक्षर बिघडलं, केसपेपरच्या ओळी उजवीकडे उतरायला लागल्या. मग ईसीजीची पट्टी हातात धरून नको तितका वेळ उभे राहायचे. पेशंटच्या नातेवाइकाला विचारलेला प्रश्न पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचे. पहाटे तीनच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटं गायब.

तीन आठवडे आम्ही ते निभावून नेलं. त्यांनी सांगितलेला प्रत्येक डोस मी मनात पुन्हा मोजायची. मैत्रीण इंटर्नला काहीतरी निमित्त काढून पेशंट परत तपासायला लावायची. आम्ही आपसात एक शब्द बोललो नव्हतो, नुसतं एकमेकींकडे बघितलं की कळायचं. याला आम्ही 'सांभाळून घेणं' म्हणत होतो आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. कुणाला काही झालं नाही ना, मग झालं तर. आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या तीन आठवड्यांची, फोन केल्याची नाही.

'वास यायचा का?' हे सगळे विचारतात. अहो, कॅज्युअल्टीत वासाचं काय घेऊन बसलात! हाताला सॅनिटायझर, ट्रेमध्ये स्पिरिट, रात्री एकनंतर आलेले निम्मे पेशंट पिऊन आलेले. वास आला म्हणून प्यायला असं नाही, आणि नाही आला म्हणून शुद्धीत आहे असंही नाही.

त्या रात्री एक लेकरू आलं. वजन बारा किलो, कपाळावर बोटभर जखम, आईच्या मांडीवर हातपाय झाडत होतं. सर म्हणाले, "सिस्टर, मिडॅझोलाम पाच द्या, शिरेतून." हे गुंगीचं औषध. बारा किलोला शिरेतून एक-सव्वा मिलिग्रॅम म्हणजे भरपूर झालं. मी म्हटलं, "सर, पाच?" ते म्हणाले, "हो, पाच. मी किती म्हणालो?" एका दमात दोन्ही. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. तेवढ्यात त्यांनी नीडल होल्डर, म्हणजे टाक्याची सुई धरायचा चिमटा, उचलला आणि सुई धरायला गेले. सुटली. परत धरली, परत सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा ते सुईकडे बघत राहिले, आणि त्या लेकराची आई माझ्याकडे.

मी खोटं बोलले. "व्हेन गेलीय सर, दुसरं स्कॅल्प सेट आणते", म्हणजे शिरेतली सुई बदलायला हवी, असं सांगून बाहेर आले आणि कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज मॅडमना घरी फोन लावला. दोन वाजून चाळीस मिनिटं. "मॅडम, सर आज काम करण्याच्या स्थितीत नाहीत. तुम्ही या." त्यांचा पहिला प्रश्न, "प्यायलेत का?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. बारा किलोला पाच सांगितलं आणि सुई तीनदा सुटली. दुसरे डॉक्टर येईपर्यंत मी त्या बाळाला काही देणार नाही." त्या म्हणाल्या, "देऊ नकोस." एवढाच फोन.

वॉर्डातून दुसऱ्या डॉक्टरांनी येऊन टाके घातले. मॅडम आल्यावर त्यांनी आधी काय केलं, तर ग्लुकोमीटर मागितला. हे शिकण्यासारखं आहे. साखर उतरलेला माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा वागतो, हे आपण पेशंटच्या बाबतीत कधी विसरत नाही, पण सहकाऱ्याच्या बाबतीत पहिली शंका बाटलीचीच येते. सरांनी बोट स्वतःहून पुढे केलं. साखर १०४, म्हणजे ठीक. मग त्यांच्याच संमतीने रक्त घेतलं, अल्कोहोल तपासायला.

रिपोर्ट आला, अल्कोहोल शून्य.

इथून माझं आणि मैत्रिणीचं भांडण सुरू होतं. सर दिवसा दुसरीकडे ड्यूटी करत होते आणि मधल्या चार तासांत झोप लागावी म्हणून अल्प्राझोलामची गोळी घेत होते. एकावरून दोन, दोनावरून किती कोण जाणे. हे मला तिच्याकडूनच कळलं. अल्कोहोलच्या तपासणीत ही गोळी दिसत नाही. दोन महिन्यांनी सरांनी राजीनामा दिला. माझ्याशी ते त्यानंतर आजवर बोललेले नाहीत. मैत्रिणीचं म्हणणं असं की, "प्यायले नव्हतेच ना? मग तू एका थकलेल्या माणसाची बदनामी केलीस."

बाई, मी 'प्यायले' म्हटलंच नव्हतं! नऊ वर्षं हेच सांगते आहे. १९९७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात डॉसन आणि रीड यांचा छोटासा लेख आला होता. सलग सतरा तास जागं असलेल्या माणसाची हात-नजर जुळवण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, आणि चोवीस तासांना साधारण ०.१० टक्के असल्यासारखी. कितीतरी देशांत ०.०५ ला गाडीसुद्धा चालवू देत नाहीत. म्हणजे थकवा की गोळी की दारू, त्या बारा किलोच्या लेकराला काय फरक पडतो? बेशुद्ध पेशंट आला की निदान होईपर्यंत आपण त्याचा एअरवे, म्हणजे श्वासाची वाट, तशीच सोडतो का? आधी एअरवे, मग कारण. सहकाऱ्याच्या बाबतीतच आपल्याला आधी निदान, पुरावा आणि साक्षीदार का लागतात?

आणि आम्ही दोघी काही जगावेगळ्या नव्हतो. २०१० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांचं एक सर्वेक्षण आलं. आधीच्या तीन वर्षांत १७ टक्क्यांना काम नीट करू न शकणारा एखादा सहकारी डॉक्टर प्रत्यक्ष माहीत होता, आणि त्यातल्या ६७ टक्क्यांनीच तो कळवला होता. न कळवण्याचं सर्वांत जास्त दिलेलं कारण कोणतं? 'दुसरं कुणीतरी बघत असेल.' मी समजत होते मैत्रीण बोलेल, ती समजत होती मी बोलेन.

तिचा दुसरा मुद्दा, "गुपचूप ड्यूटी बदलून घ्यायची होती." म्हणजे सर तिथेच, फक्त समोर दुसरी सिस्टर. याचं टोक बघायचं असेल तर २०१२ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या एक्सेटर हॉस्पिटलमध्ये उघडकीला आलेलं प्रकरण वाचा. कॅथ लॅबचा (हृदयाच्या अँजिओग्राफीच्या खोलीतला) टेक्निशियन पेशंटसाठी भरलेल्या फेंटानिलच्या, म्हणजे अफूसारख्या तीव्र वेदनाशामकाच्या, सिरिंज चोरून स्वतःला टोचायचा आणि त्याच सिरिंजमध्ये सलाईन भरून परत ठेवायचा. त्याला हिपॅटायटिस सी होता. चाळीसहून अधिक लोकांना त्याच्याकडून लागण झाली, आणि २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी ॲरिझोनातल्या एका हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये तो सिरिंजसकट बेशुद्ध सापडला होता. नोकरी गेली, आणि तो पुढच्या राज्यात कामाला लागला. गुपचूप घालवलेला माणूस असा जातो.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की फेंटानिलचे ॲम्प्यूल तोच फोडायला पुढे होतो, उरलेलं टाकताना साक्षीला कुणाला बोलावत नाही आणि सही नंतर मागतो, आणि त्याच्या पेशंटना डोसची नोंद असूनही दुखत राहतं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकलं. कायम पूर्ण बाह्यांचे कपडे, बाथरूमच्या चकरा, सुट्टीच्या दिवशीही डिपार्टमेंटमध्ये घुटमळणं, यातल्या प्रत्येकाला दुसरं कारण असू शकतं. पण कागदावर औषध गेलेलं आणि पेशंट कण्हत असेल, तर औषध गेलं कुठे? त्याच्याशी आधी एकट्याने बोलू नका. थकवा असता तर म्हटलं असतं, चहाला ने आणि विचार. इथे तो सावध होईल, रजिस्टर नीट होईल, आणि तुम्ही खोटे पडाल. न बघता केलेली सही तर आजपासून बंदच.

कळवताना 'नशेत' हा शब्द वापरूच नका. तारीख, वेळ, बेड नंबर, किती काढलं, किती दिलं, उरलेलं टाकताना कोण होतं. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. स्वतःपुरती एक प्रत ठेवा, पेशंटची नावं न लिहिता. आपला इन्चार्ज त्याचा मित्र असेल तर त्याच्या वर जा. आणि तो आत्ता, या क्षणी, पेशंटजवळ डुलत असेल तर कागद नंतर, फोन आधी.

करिअर बुडेल हा मैत्रिणीचा तिसरा मुद्दा. २००८ च्या 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १६ कार्यक्रमांमधल्या ९०४ व्यसनी डॉक्टरांचा अभ्यास आहे. उपचार आणि पुढे नियमित तपासण्या, असं चालतं तिथे. पाच वर्षांनी सुमारे ७९ टक्के लायसन्ससह काम करत होते. अर्थात अशी व्यवस्था जिथे आहे तिथली ही गोष्ट. जिथे नाही, तिथे सगळं नीट होईल असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. सरांचं नीट झालं का, तेही मला ठाऊक नाही. आणि हो, तुमचा संशय चुकीचाही निघू शकतो. तो ब्रदर साधा वेंधळाही असेल. तरी कळवा.

एक राहिलंच, आणि ते माझ्या बाजूचं नाही. त्या रात्री मॅडमनी सरांना घरी जायला सांगितलं तेव्हा मी लगेच त्या लेकराकडे वळले. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. ज्याचं बिंग नुकतंच फुटलंय तो माणूस पुढच्या काही तासांत जिवाचं बरंवाईट करू शकतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी त्या क्षणी सुचलं नाही. मैत्रिणीला सुचलं. तिने त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली, मॅडमना सांगून त्यांच्यासोबत गेली, आणि त्यांचा भाऊ येईपर्यंत, सकाळी साडेनऊपर्यंत, त्यांच्या घरी बसून राहिली. गोळ्यांचं ते तिलाच बोलले. तुम्ही कळवाल त्या दिवशी त्याच्याजवळ कोण थांबणार, हे फोन करण्याआधी ठरवून ठेवा.