पाणी किती फुटांवर आले की घर सोडावे?

प्रश्न : आमचे घर सांगलीच्या सखल भागात आहे. २००५ च्या पुरात पाणी पायरीला लागून परत गेले, म्हणून २०१९ मध्ये आम्ही थांबलो आणि शेवटी रात्री कमरेएवढ्या पाण्यातून सासूबाईंना बाहेर काढावे लागले. त्यांना इन्सुलिन घ्यावे लागते. गोठ्यात दोन म्हशी आहेत. पावसाळ्याआधी नेमकी काय तयारी करावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची हद्द मानण्याची चूक त्या वर्षी असंख्य घरांनी केली, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. सांगलीत नदीची पातळी जिथे मोजतात त्या आयर्विन पुलाजवळ २००५ मध्ये सुमारे ५४ फुटांवर थांबलेली कृष्णा २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेली. तेथे इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट धरली जाते. पण तुमच्या घराची पातळी तुम्हीच ठरवायला हवी. २०१९ आणि २०२१ मध्ये गल्लीच्या तोंडाशी पाणी आले तेव्हा पुलाजवळ किती फूट पाणी होते, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहा. त्यातला कमी आकडा घेऊन त्यातून तीन-चार फूट वजा केले की निघण्याचा आकडा मिळेल. तो गाठला की ऊन पडलेले असले तरी निघायचे, त्या दिवशी घरात पुन्हा चर्चा करायची नाही.

घाटावर जाऊन पाणी पाहून येणे फसवे ठरते, कारण सखल वस्तीत ते बहुधा नाल्यांतून आणि गटारांतून मागच्या बाजूने चढते. केवळ कोयना धरणाच्या विसर्गावरून अंदाज बांधणेही पुरेसे नाही. हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा भरून वाहत असली की कृष्णेच्या पाण्याला फुगवटा येतो.

म्हशी माणसांच्या आधी हलवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. घर न सोडण्याचे खरे कारण पुष्कळदा गोठ्यातच असते, ते कोणी बोलून दाखवत नाही इतकेच. उंचावरच्या गावातील पाहुण्यांशी मे महिन्यातच बोलून जागा आणि वैरण ठरवा, म्हशींना घटसर्प व फऱ्या या रोगांची लस वेळेत टोचून घ्या आणि कानातील बिल्ल्यांचे क्रमांक लिहून ठेवा. हलवणे अशक्यच झाले तर निदान दावी सोडा.

इन्सुलिनचा जादा साठा किती ठेवावा, हे डॉक्टरांना विचारून घ्या. वीज गेल्यास कुपी कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावा. बर्फाला थेट लावू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. निघताना मेन स्विच बंद करा, तसेच गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवा, कारण तो पाण्यावर तरंगतो. परतल्यावर चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात. आणि वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीकडे एक बोट आहे. तेवढ्यावर विसंबावे का? (ग्रामपंचायत सदस्य, पलूस तालुका)

उत्तर : ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून अनेकांचा जीव गेला, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती, हे तुमच्या तालुक्याला सांगायला नको. बोटीवर माणसांची कमाल संख्या ठळक रंगात लिहा, तेवढीच लाइफ जॅकेट घ्या आणि जूनपूर्वी इंजिन सुरू करून सरावाची एक फेरी मारा. काठावर माणसे मोजून बसवणारी व्यक्ती बोट चालवणाऱ्याहून वेगळी असावी आणि तिचा शब्द सरपंचांनीही मोडू नये. आजारी, गरोदर आणि वृद्ध माणसांची यादी घरनिहाय आधीच केली आणि त्यांना रस्ता कोरडा असतानाच वाहनाने हलवले, तर बोटीच्या पुष्कळशा फेऱ्या वाचतील. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पंचायतीच्या भिंतीवर पुराच्या खुणेच्या वर रंगवून घ्या.