सेडोनाला ध्यानाला बसायला निघालेल्या मुलीस

ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या ऑफिसातून तुला ऑक्टोबरात सहा आठवडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला पाठवताहेत, आणि सुट्टीच्या दिवशी सेडोनाला जाऊन तिथल्या व्होर्टेक्सवर, म्हणजे जिथे ऊर्जेचा भोवरा आहे असं लोक मानतात त्या जागी, ध्यानाला बसायचं तुझ्या मनात आहे. जरूर जा. 'तिथे खरंच ऊर्जा आहे का?' या तुझ्या प्रश्नाकडे मात्र जरा वळसा घालून यावं लागेल.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाची जागा कशी असावी याचं वर्णन आहे, ते जाण्याआधी सावकाश वाच. बसलं की उठावंसं वाटू नये, ऊन कोवळं, वारा मंद, पाणी जवळ, श्वापदांची वर्दळ नाही, पोपट-भुंग्यांचा गलबलाही नाही. हे सगळं कान, कातडी आणि तहान यांच्याबद्दल आहे. मन ज्यांच्यामुळे उठून जातं त्या गोष्टी माउलींनी एकेक करून बाजूला केल्या आहेत. सेडोनाच्या खडकांकडेही याच नजरेनं बघ, म्हणजे तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही, दोन्ही कळेल.

आधी गावाची ओळख. वाळवंट म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या आल्या असतील. सेडोनात त्या नाहीत. फिनिक्सहून उत्तरेला साधारण 185 किलोमीटर, गाडीनं दोन तास. उंची जवळपास आपल्या महाबळेश्वरइतकी, 1,300 मीटरच्या वर. लाल वालुकाश्माचे सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी ज्युनिपरची बुटकी झाडं. पाऊस वर्षभरात मिळून जेवढा पडतो, त्याहून जास्त ठाण्याला एकट्या जुलैत पडतो. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप आहे, म्हणून खडक लाल. 'या लोहामुळे चुंबकीय भोवरा तयार होतो' असं कोणी सांगेल. हे ऑक्साइड म्हणजे हेमॅटाइट, आणि त्याचं चुंबकत्व अगदी क्षीण असतं. हवं तर साधं होकायंत्र ने आणि गाडीपासून लांब उभं राहून बघ. फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नकोस, ते गाडीच्या पत्र्याजवळही भरकटतं आणि लोकांना तेवढंच निमित्त पुरतं.

'व्होर्टेक्स' हा शब्द तिथे जुना नाही. 1980 च्या सुमारास पेज ब्रायंट या बाईंनी काही जागांना हे नाव दिलं. ऑगस्ट 1987 मध्ये 'हार्मोनिक कन्व्हर्जन्स' नावाच्या मेळ्यासाठी बेल रॉकवर गर्दी लोटली, आणि तिथून पुढे गावाचा व्यवसायच त्यावर उभा राहिला. जागेचं पावित्र्य मात्र त्याहून कितीतरी जुनं आहे. बॉयन्टन कॅन्यन ही तिथली दरी म्हणजे यावापाई आणि अपाची या मूळ अमेरिकी जमातींची पवित्र भूमी. 1875 च्या फेब्रुवारीत याच लोकांना अमेरिकी सैन्यानं इथल्या व्हर्डी खोऱ्यातून हाकलून, ऐन हिवाळ्यात पायी सॅन कार्लोसच्या राखीव वसाहतीत नेलं होतं. एवढं माहीत असलं की दुसऱ्याच्या देवघरात जसं वागतो तसं वागणं आपोआप होतं.

आता तयारी, आणि ती आजपासून. रोज बसायची सवय नसताना तिथे जाऊन पहिल्यांदा डोळे मिटलेस, तर डोक्यात फिनिक्सचं ऑफिसच वाजत राहील. निघायच्या आधी सहा आठवडे रोज पहाटे 25 मिनिटं, एकाच वेळी, एकाच जागी बस. उपवन तळ्याचा काठ चालेल, कचराळी चालेल, घरची गॅलरीही चालेल. रिक्षा, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही हे सगळं असू दे. रविवारी खारघर किंवा पारसिकच्या टेकडीचा चढ घे, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन. येऊरला जाणार असलीस तर उजाडल्यावर आणि सोबतीनं, तिथे बिबट्यांचा वावर असतो.

बसायची पद्धत साधी ठेव. पहिली पाच मिनिटं डोळे उघडे, नजर क्षितिजावर. पुढची दहा मिनिटं उच्छ्वास मोज, एक ते दहा, पुन्हा एक. आकडा चुकला तर चिडू नकोस, एकवर ये. मग वीस मिनिटं नाकपुडीच्या टोकाशी श्वासाचा स्पर्श. शेवटची दहा मिनिटं फक्त कान उघडे ठेवायचे, आवाजाला नाव न देता. घरी वेळ कमी असेल तर श्वासाचा भाग आखूड कर, कानाचा नको, कारण वाळवंटात खरी मेजवानी कानाचीच आहे. श्वास मुद्दाम लांबवू नकोस, जोरही लावू नकोस. का ते पुढे येईल.

बसकण हवी. चार पदरी सतरंजी किंवा घोंगडी आणि तिच्यावर चार-पाच इंच उंचीची घट्ट उशी. पहाटे तो खडक बर्फासारखा गार असतो आणि ऑक्टोबरच्या दुपारीही चटका देतो. आसन फार उंच नको, फार सखल नको, हे गीतेनंच सांगून ठेवलं आहे. उशी बुटकी पडली की कंबर मागे झुकते, गुडघे वर येतात आणि पंधराव्या मिनिटाला पाय बधिर होतो.

चार जागांची नावं तुला सगळीकडे दिसतील: एअरपोर्ट मेसा, बेल रॉक, कॅथेड्रल रॉक आणि बॉयन्टन कॅन्यन. एअरपोर्ट मेसा नावाप्रमाणेच विमानतळाला लागून आहे. सूर्यास्त बघायला सुरेख, पण बसायला गैरसोयीची. संध्याकाळी तिथे तलावपाळीवर असते तशी गर्दी असते. बेल रॉक पहाटेसाठी उत्तम: खालच्या पसरट पायऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटांत पोचतेस, वर चढायची गरज नाही. कॅथेड्रल रॉकचा चढ जेमतेम एक किलोमीटरचा, पण उभा. मध्ये एका खाचेत दोन्ही हातांनी धरून चढावं लागतं, आणि उतरणं चढण्यापेक्षा कठीण. कोरडा वालुकाश्म बूट छान धरतो; त्यावर वाळूचे सुटे कण असले किंवा तो ओला असला की पाय सटकतो. झिजलेल्या तळव्याचे धावायचे बूट घालून जाऊ नकोस. शटल बस चालू असते त्या दिवशी कॅथेड्रलचा वाहनतळ बंद असतो, तेव्हा आदल्या रात्रीच वेळापत्रक बघ. बऱ्याच वाहनतळांवर 'रेड रॉक पास' लागतो, दिवसाला 5 डॉलर.

एकच जागा निवडायची असेल तर बॉयन्टन. दोन्ही बाजूंच्या भिंती वारा अडवतात आणि सावली उशिरापर्यंत टिकते. तोंडाशीच एक फाटा उजवीकडे 'कचीना वुमन' नावाच्या सुळक्याकडे जातो. तिथे माणसं येत-जात राहतात. मूळ वाटेनं अर्धा-पाऊण तास आत गेलीस तर शांतता मिळेल. सकाळी लवकर पोच. हेलिकॉप्टरच्या सफरी आणि जीपगाड्या दिवस वर आल्यावर सुरू होतात, आणि वाळवंटात आवाज फार लांबून येतो.

आता मुख्य गोष्ट. तुला तिथे काहीतरी जाणवेल, नक्की जाणवेल. ते काय आहे हे ओळखता आलं पाहिजे.

बोटांना आणि ओठांभोवती झिणझिण्या आल्या, तर आधी बघ की श्वास जोरात चाललाय का. भावनेच्या भरात माणूस नकळत मोठमोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि झिणझिण्या येतात. पाच मिनिटं श्वासाला त्याच्या चालीनं चालू दे, जातील. फक्त पाय किंवा पाऊल बधिर झालं असेल तर नस दबली आहे, मांडी बदल. कानात बारीक गुणगुण ऐकू आली तर घाबरू नकोस आणि तिला अनाहत नादही, म्हणजे योग्यांना आतून ऐकू येतो म्हणतात तो नाद, म्हणू नकोस. भोवती इतकी शांतता असली की बहुतेकांना स्वतःच्याच कानाचा आवाज ऐकू येतो. ठाण्यात घोडबंदर रोड तो झाकून टाकतो, एवढंच. डोकं हलकं होणं, कपाळ जड होणं, उगाच रडू येणं याचं पहिलं कारण तहान समज.

कारण तिथली तहान फसवी आहे. आपल्याकडे घाम आला की सदरा अंगाला चिकटतो, शरीर ओरडून सांगतं. तिथल्या कोरड्या हवेत घाम त्वचेवर टिकतच नाही, उडून जातो, आणि आपण कोरडे आहोत म्हणजे घाम आला नाही असं वाटतं. चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी, घोट घोट. पण नुसतं पाणीच पीत राहिलीस आणि मीठ पोटात गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरून मळमळ आणि भ्रम होतो. तो प्रकार तहानेपेक्षा वाईट. खारे शेंगदाणे, भडंग, ओआरएसची दोन पाकिटं पिशवीत ठेव. इथून खाऊ नेणार असलीस तर तिकडच्या विमानतळावर तसं सांग. लघवीचा रंग गडद झाला की त्या दिवसाचं बसणं संपलं, परत फिर. नाकाच्या आत तुपाचं बोट फिरव, नाहीतर कोरडेपणानं रक्त येतं आणि श्वासावर लक्ष ठेवणंही अवघड होतं. त्या आठवड्यात एकादशी किंवा संकष्टी आली तर फराळ कर, निर्जळी नको.

कड्यापासून किमान दोन मीटर आत बस. पाऊण तास बसून झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कड्याशी असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. आधी डोळे उघड, पाय लांब कर, घोटे फिरव, दोन घोट पाणी पी, मग उठ.

पिळवटलेली ज्युनिपरची झाडं दाखवून 'बघा, ऊर्जेनं झाड वळलं' असं सांगणारे भेटतील. त्याच झाडाच्या शेजारचं सरळ झाड बघ. मग स्वतःच एक प्रयोग कर. एका सकाळी नामांकित जागी बस, दुसऱ्या सकाळी त्याच वेळी दोन-तीन किलोमीटरवरच्या कुठल्याही बिननावाच्या खडकावर. दोन्ही दिवशी उठल्याबरोबर, कुणाशी बोलायच्या आधी, वहीत पाच ओळी लिही: शरीरात काय झालं, मन किती वेळा पळालं, वेळ भराभर गेला की रेंगाळला. कुठल्या जागेला 'स्त्री-ऊर्जा' म्हणतात आणि कुठल्या जागेला 'पुरुष-ऊर्जा', हे तोवर वाचू नकोस. वाचलंस की तेच जाणवेल.

पैसे घेऊन विधी करणाऱ्यांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. तेजोवलयाचे फोटो काढून घे हवं तर, गंमत म्हणून. पण उपास, उष्णता आणि मोठी फी या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे पाऊल टाकू नकोस. 2009 च्या ऑक्टोबरात सेडोनाजवळ एका शिबिरात लोकांना उपासानंतर तापलेल्या दगडांच्या बंदिस्त तंबूत बसवलं. तीन जण दगावले, आणि आयोजकाला 2011 मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं. उठून बाहेर जायला जिथे लाज वाटेल अशी हवा असते, ती जागा साधनेची नव्हे.

तिथे काही ठेवू नकोस, तिथून काही आणू नकोस. उदबत्ती, कापूर, धूप अजिबात नाही; सगळं रान वाळलेलं असतं, ठिणगी पुरते. खडकाला कुंकू लावायचा मोह आवर. लोक दगडांवर दगड रचून मनोरे करतात, तूही करू नकोस. काही मनोरे वाट दाखवण्यासाठी असतात आणि जास्तीचे मनोरे माणसांना चुकवतात. वाटेच्या कडेला काळसर, खडबडीत, कुरकुरीत माती दिसली तर ती जिवंत आहे, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांची साय. एका पावलानं मोडते आणि भरून यायला दशकं लागतात. बसायला उघडा खडकच निवड. बसण्याआधी कपारीत आणि उशीखाली बघ, विंचू आणि खडखड्या साप दोन्ही तिथले रहिवासी आहेत. हात कधीच न बघता कपारीत घालू नकोस. निवडुंगाचा बारीक काट्यांचा गोळा चिकटला तर बोटांनी ओढू नकोस, कंगव्यानं उडव. कंगवा पिशवीत असू दे.

खडकांचा कंटाळा आला तर गावाच्या पश्चिम भागात एक बौद्ध स्तूप आहे, अमिताभाचा, 36 फूट उंच, 2004 मध्ये प्रतिष्ठापना झालेला. ज्युनिपरच्या झाडीत आहे, प्रवेश मोफत. गोराईचा पॅगोडा डोळ्यांसमोर आणू नकोस, हा अगदी लहान आहे. स्तूप उजव्या हाताला ठेवून तीन प्रदक्षिणा घाल आणि बाकावर बस. दमलेल्या दिवशी चढापेक्षा हे बरं.

ऑक्टोबरात पहाटे दहा-अकरा अंश आणि दुपारी पंचवीसच्या आसपास असतं, म्हणून काढता-घालता येतील असे दोन-तीन थर घाल. मफलर ने, इथे हसतील तरी. डोक्याला टॉर्च, कारण बेल रॉकला पोचायचं ते अंधारात. कॅन्यनमध्ये फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कुठे जातेस आणि किती वाजता परतशील हे हॉटेलात आणि घरी दोन्हीकडे लिहून ठेव. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, फरक बारा महिने साडेबारा तासांचा. तू बसून, उतरून गाडीशी येशील तेव्हा सकाळचे साडेसात झाले असतील, म्हणजे घरी रात्रीचे आठ. आई पानं घ्यायच्या आत फोन कर.

तुझे
शुभचिंतक