केबिनच्या सागवानाला तेल, वॉर्निश की पीयू?

प्रश्न: आमची शिडाची बोट जुनी आहे, आतलं काम सगळं सागवानी, म्हणजे चौकटी आणि पट्ट्या अख्ख्या सागाच्या आणि मधली पार्टिशन्स व्हेनीअर (सागाचा पातळ पापुद्रा) लावलेल्या प्लायची. खिडक्यांखाली वॉर्निश सुटलंय, काळे डाग पडलेत. कोणी म्हणतं नुसतं तेल लाव, कोणी म्हणतं पीयू (पॉलियुरेथेन, कडक थराचं पॉलिश) मार म्हणजे परत बघायला नको. आम्ही बोटीवरच राहतो, वासाचाही प्रश्न आहे. काय लावू?

उत्तर: आधी त्या खिडक्यांचं गळणं थांबवा, कारण तिथे पाणी झिरपत राहिलं तर कुठलंही पॉलिश टिकणार नाही, ते आतून ओल धरतं आणि पापुद्रे निघतात. काळा डाग बहुतेक वेळा लोखंडी स्क्रूचा गंज आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य एकत्र आल्याने पडतो, तो नुसता घासून जात नाही, वरचं वॉर्निश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावलं की बराच फिका होतो. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने पुसा आणि लाकूड पूर्ण कोरडं होऊ द्या, घाई नको.

आता मुख्य मुद्दा. डेकवरच्या लाकडाचा शत्रू ऊन, पण केबिनमध्ये ऊन फार कमी, तिथे त्रास ओलीचा, बुरशीचा आणि सतत लागणाऱ्या हातापायांचा. म्हणून बाहेरचं मऊ, लवचिक वॉर्निश आत लावायची गरज नाही. माझं मत विचाराल तर सगळ्या बोटीला एकच फिनिश हा हट्टच सोडा. पार्टिशनला आणि चौकटींना सॅटिन म्हणजे कमी चमकीचं वॉर्निश, आणि जिन्याच्या पायऱ्या, किचनचा ओटा, जिथे रोज घासलं जातं तिथे पीयू. पीयू कडक असतो हे खरं, पण एकदा का कडेने पाणी आत शिरून तो सुटला की टचअप नीट मिसळत नाही, बराच भाग खरवडावा लागतो, साध्या वॉर्निशला मात्र थोडं घासून वर हात मारला की झालं. म्हणून "परत बघायला नको" यावर जाऊ नका, बोटीवर बघावं लागतंच.

तेलाचं म्हणाल तर दिसतं फार सुंदर, लावायलाही सोपं, पण जवसाचं तेल ओलसर बंद जागेत काळवंडतं आणि बुरशीला खाद्य मिळतं, त्यामुळे तुमच्यासारख्या राहत्या बोटीत मी ते लावणार नाही. तरीही लावलंच तर तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

वासासाठी वॉटर-बेस पीयू बघा, वास कमी आणि लवकर वाळतो, फक्त साग थोडा फिकट, निर्जीव दिसतो. त्याखाली मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात दिला की रंग उबदार येतो. दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा पीयू मात्र राहत्या केबिनमध्ये नको, त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुफ्फुसाला वाईट, साध्या धुळीच्या मास्कने भागत नाही.

काम करताना सगळ्यात जपायचं ते व्हेनीअर. ते बऱ्याचदा एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असतं, मशीन चालवलं की कडेला खालचा प्लाय उघडा पडतो आणि मग तो लपवता येत नाही, तेव्हा हातानेच, १८० किंवा २२० नंबरच्या सँडपेपरने, रेषेच्या दिशेने घासा. साग मुळात तेलकट, म्हणून पहिल्या हाताच्या जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसा, खिडक्या उघड्या आणि गॅस, शेगडी सगळं बंद ठेवून. वॉर्निशचा पहिला हात थिनर घालून पातळ, मधले ग्लॉसचे म्हणजे चकचकीत, शेवटचाच सॅटिनचा, कारण सॅटिनचे सगळे थर दिले तर लाकडाच्या रेषा धूसर दिसतात. प्लायच्या कापलेल्या कडांना आणि पट्ट्यांच्या टोकांना एकदोन हात जास्तच द्या, पाणी शिरतं ते तिथूनच. पायाखालच्या फळ्यांना ग्लॉस अजिबात नको, ओल्या पायाने घसरायला होतं.