रो-हाऊसच्या पुढचं काँक्रीट नवं करताय? आधी हे मोजा

स्क्वेअर फुटाचा एकच भाव ऐकून ठेकेदाराला हो म्हणू नका. जुनं तोडणं, डेब्रिज उचलणं, सोलिंग (काँक्रीटखालचा दगडांचा थर), काँक्रीट आणि मजुरी, प्रत्येकाचे पैसे वेगळे लिहून घ्या. डेब्रिजचा टेम्पो बहुतेक वेळा शेवटी 'एक्स्ट्रा' म्हणून निघतो.

मालाचा हिशोब सोपा आहे. 400 चौ. फूट जागा, 4 इंच जाडी म्हणजे साधारण 3.8 घनमीटर काँक्रीट. एम-20 ला (काँक्रीटची एक ताकदीची श्रेणी) घनमीटरमागे सुमारे 8 गोण्या, म्हणजे 30 गोण्या सिमेंट. कोणी 18 गोण्यांत काम सांगितलं, तर जाडी किंवा मिश्रण कमी होणार हे नक्की.

जुन्या काँक्रीटवर इंचभर मॉर्टर ओढून घेणं सर्वांत स्वस्त, पण गाडीखाली ते सुटतं. आधी हातोडीने ठोकून पाहा. पोकळ वाजलं तर तोडाच. नवी मुंबईत भरावाची जमीन बरीच आहे, चाकाखाली खचते. तिथे पेव्हर (काँक्रीटचे तयार ठोकळे) बरे, उचलून पुन्हा बसवता येतात. गाडीसाठी 80 मिमीचे घ्या.

उतार गटाराकडे, दर 10 फुटांना सव्वा ते अडीच इंच. काँक्रीट असेल तर दर 10 फुटांवर इंचभर खोल जॉइंट (खाच) कापा. पाणी 7 दिवस तरी मारा. आणि काम मे अखेरपूर्वी उरका.